खापर काळाच्या माथी

‘स्टार ट्रेक’मधल्या बायकांविषयी तक्रारीचा सूर लावला की ठरलेली तीन उत्तरं मिळतात. पहिलं, काळच तसा होता. दुसरं, त्या काळाच्या मानाने ही मालिका उलट केवढी पुढे होती. तिसरं जरा आवाज चढवून दिलं जातं : खुद्द मार्टिन लूथर किंग तिचे चाहते होते, तुम्ही कोण आम्हाला शिकवणार? ही उत्तरं देणाऱ्यांचं मालिकेवर मनापासून प्रेम असतं, हे मी जाणतो. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती पाहिलेल्यांची एक पिढी आहे आणि तिला यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्याबद्दल वावगा शब्द खपत नाही. ८ सप्टेंबर २०२६ ही मालिकेच्या साठीची तारीख. त्या निमित्ताने गौरवलेख निघणार आणि त्यांत ही तिन्ही उत्तरं पुन्हा येणार. म्हणून ती एकदा नीट तपासलेली बरी. माझ्या मते तिन्ही चुकीची आहेत, आणि तिसरं तर निव्वळ कृतघ्नपणाचं आहे.

सुरुवात पँटपासून करू. मालिकेचा पहिला पायलट भाग ‘द केज’ १९६५मध्ये तयार झाला. त्यातल्या यानावर बायका पुरुषांसारख्याच पँट घालून वावरतात. कप्तानाच्या खालोखाल अधिकार असलेली अधिकारी एक बाई आहे. तिला सगळे ‘नंबर वन’ म्हणतात. मॅजेल बॅरेट या नटीने ती रंगवली होती : थंड डोक्याची, हिशेबी, कमी बोलणारी. कप्तानाचं अपहरण होतं तेव्हा यानाचा ताबा तिच्याकडे जातो आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. एनबीसी वाहिनीने हा पायलट नाकारला आणि दुसरा मागितला. त्या दुसऱ्या पायलटमध्येही बायकांच्या अंगात पँटच आहे. मग १९६६च्या सप्टेंबरात मालिका सुरू झाली आणि पँट दिसेनाशा झाल्या; त्यांच्या जागी मांडीच्या वरच संपणारे झगे आले. नंबर वन गेली. तिचा तो भावनाशून्य तर्कनिष्ठ स्वभाव स्पॉकच्या पदरात पडला आणि त्याच्या जोरावर तो अजरामर झाला. बॅरेट परत आली ती सोनेरी केसांचा टोप घालून, नर्स चॅपल म्हणून. त्याच स्पॉकवर एकतर्फी प्रेम करायचं आणि त्याच्यासाठी सूप घेऊन जायचं, असं काम तिला मिळालं.

म्हणजे ‘काळा’ने जे नाकारलं असं सांगितलं जातं ते आधी लिहून, शिवून, चित्रित करून झालेलं होतं. ते नंतर काढलं गेलं, आणि काढणारी माणसं होती. कोणी काढलं याच्या दोन कथा आहेत. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आयुष्यभर सांगत राहिले की वाहिनीला बाई उपकप्तान म्हणून नको होती. हर्बर्ट सोलो आणि रॉबर्ट जस्टमन हे दोघेही निर्मितीत रॉडनबेरींच्या बरोबरीने होते. त्यांनी १९९६मध्ये लिहिलेल्या पुस्तकात वेगळंच सांगितलं : वाहिनीची हरकत बाईला नव्हती, बॅरेटला होती, कारण ती विवाहित रॉडनबेरींची तेव्हाची प्रेयसी होती. दुसरी नटी घेऊन पात्र ठेवता आलं असतं. कोणती कथा खरी यावर चाहते अजून भांडतात. खुशाल भांडोत. माझ्या मुद्द्याला दोन्ही चालतात, कारण दोन्हींत एका खोलीत बसलेल्या चार पुरुषांनी निर्णय घेतला आहे आणि काळाचा त्यात हात नाही.

बरं, तो काळ तरी खरोखर कसा होता? व्हॅलेंटिना तेरेश्कोवा १९६३च्या जूनमध्ये अंतराळात जाऊन आली होती. सिरिमावो बंदरनायके १९६०मध्येच पंतप्रधान झाल्या होत्या. ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग प्रक्षेपित झाला तेव्हा इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन आठ महिने होत आले होते. आणि हे सगळं सोडा, ज्या डेसिलू स्टुडिओत ही मालिका तयार होत होती त्याची मालक आणि अध्यक्ष एक बाई होती, विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल. तेविसाव्या शतकातली बाई यान चालवू शकेल का, असा प्रश्न ज्यांना पडला होता त्यांचा पगार विसाव्या शतकातली एक बाई देत होती.

मालिकेचा शेवटचा भाग ‘टर्नअबाउट इंट्रूडर’ ३ जून १९६९ रोजी दाखवला गेला. त्याची मूळ कथा रॉडनबेरींची. त्यात जॅनिस लेस्टर नावाची शास्त्रज्ञ कर्कला सुनावते की तुमच्या कप्तानांच्या जगात बाईला जागा नाही आणि हे न्याय्य नाही. कर्क ते मान्य करतो. पुढे ही लेस्टर माथेफिरू निघते, कर्कच्या शरीरात शिरून यान बळकावते आणि अखेर हुंदके देत कोसळते. तिचं आयुष्य कुठल्याही बाईइतकं समृद्ध होऊ शकलं असतं, असा उसासा टाकत कर्क निघून जातो आणि मालिका संपते. तीन महिन्यांपूर्वी इस्रायलमध्ये गोल्डा मेयर पंतप्रधान झाल्या होत्या. या संवादातून मालिकेला सोडवण्यासाठी चाहत्यांनी पुढे ज्या कसरती केल्या आहेत (ती वेडी होती, तिचं बोलणं धरायचं नाही; ती फक्त कर्कच्या खासगी आयुष्याबद्दल बोलत होती) त्या पाहिल्या की एखाद्या पोथीवरच्या भाष्यकारांचीच आठवण होते.

आखूड झग्यांबद्दल मात्र न्यायाने बोलायला हवं. तो झगा त्या दिवसांत मोकळेपणाची खूण होती, असं मालिकेतली नटी निशेल निकल्स हिने नंतर सांगितलं. तिची सहकारी ग्रेस ली व्हिटनी हिलाही तो आवडत होता. दोघींचंही म्हणणं मी तसंच्या तसं मान्य करतो. पण वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांचं एक तत्त्व चाहत्यांमध्ये कौतुकाने सांगितलं जातं : कपडा किती मादक हे तो किती अंग दाखवतो यावर ठरत नाही, तो आता घसरेल की मग घसरेल असं किती वाटतं यावर ठरतं. दर आठवड्याला नवी पाहुणी अभिनेत्री या तत्त्वानुसार सजवली जाई. स्वतःहून आखूड घालणं आणि दुसऱ्याने घसरण्याच्या बेताने शिवणं यांतला फरक कळायला कुठलंही शतक उजाडावं लागत नाही.

आता व्हिटनीकडे येऊ, कारण खरा वाद इथे आहे. मालिकेच्या सुरुवातीच्या प्रसिद्धीच्या छायाचित्रांत कर्क आणि स्पॉक रंगवणाऱ्या शॅटनर आणि निमॉय यांच्यासोबत तिसरी ती आहे. तिने रंगवलेली, कप्तानाच्या दिमतीला असलेली योमन जॅनिस रँड प्रमुख पात्र असणार होती. ती अवघ्या आठ भागांत दिसली. पहिला हंगाम निम्म्यावर येण्याआधीच तिला काढून टाकलं गेलं. अधिकृत कारण असं दिलं जातं की कर्कच्या आयुष्यात रँड असली तर त्याला दर भागात नवी प्रेमिका देता येणार नाही. हे कारण खरं मानलं तरी ते किती लाजिरवाणं आहे हे सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

व्हिटनीने १९९८मध्ये आत्मचरित्र लिहिलं. त्यात तिने सांगितलं की मालिकेशी संबंधित एका बड्या अधिकाऱ्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला आणि त्यानंतर काही दिवसांतच तिला नोकरी गेल्याचं कळवण्यात आलं. त्या माणसाचं नाव तिने लिहिलं नाही. पुढची अनेक वर्षं ती दारूच्या आहारी गेली होती. त्यातून बाहेर आली आणि मग तशाच व्यसनात अडकलेल्या इतरांसाठी काम करत राहिली. २०१५मध्ये ती गेली.

तिच्या सांगण्यावर येणाऱ्या शंका दोन प्रकारच्या. नाव का सांगितलं नाही, ही पहिली. तीस वर्षं गप्प का बसली, ही दुसरी. ज्यांना या शंका येतात त्यांनी ‘द एनिमी विदिन’ हा भाग पुन्हा पाहावा. तो १९६६च्या ऑक्टोबरात दाखवला गेला, म्हणजे आपल्या शंकेखोरांच्या लाडक्या ‘त्या काळात’. यंत्राच्या बिघाडाने कर्कची दोन माणसं होतात, एक भला आणि एक दुष्ट. दुष्ट कर्क रँडच्या खोलीत शिरून तिच्यावर झडप घालतो. ती प्रतिकार करते, त्याच्या चेहऱ्यावर ओरखडा काढते. पुढच्या प्रसंगात तिला ही हकिकत सांगावी लागते ती कर्कच्याच समोर. स्पॉक आणि डॉक्टर शेजारी उभे. रडत रडत ती म्हणते की तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं, मी हे कुणाला सांगितलंही नसतं. बाई गप्प का बसते याचं उत्तर मालिकेने स्वतःच्याच तोंडाने दिलेलं आहे. आणि भागाच्या अखेरीस, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, स्पॉक तिच्याकडे पाहून खोचकपणे विचारतो की त्या तोतयात काही गुण मोठे आकर्षक होते, नाही का? भावनाशून्य म्हणून गाजलेल्या पात्राला अख्ख्या मालिकेत चावटपणा सुचला तो या ठिकाणी. व्हिटनीला त्या ओळीचा संताप अखेरपर्यंत होता. ही ओळ कोणी लिहिली, कोणी वाचली, कोणी दिग्दर्शित केली, कोणी संकलनात ठेवली? यातल्या प्रत्येक टप्प्यावर ती काढता आली असती. काढायला खर्च शून्य होता.

तिसऱ्या उत्तराकडे, म्हणजे किंग यांच्याकडे वळतो. प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. निशेल निकल्स संपर्क अधिकारी उहुराची भूमिका करत होती. पहिल्या हंगामानंतर तिने राजीनामा दिला. लगेच एका कार्यक्रमात किंग भेटले, आपण चाहता असल्याचं म्हणाले. ती सोडतेय हे कळल्यावर त्यांनी तिला अडवलं : तुझ्यामुळे लोक आम्हाला पहिल्यांदा आम्ही जसे आहोत तसे पाहताहेत. ती थांबली. ही हकिकत निकल्सनेच शेकडो वेळा सांगितली आणि ती सुंदरच आहे. पण तिच्यात एक वाक्य सगळे गिळून टाकतात : तिने राजीनामा दिला होता. कशासाठी? तिचे संवाद दर आठवड्याला कापले जात होते. संपर्क जोडते आहे, सर, एवढ्यावर तिची बोळवण होत होती. चाहत्यांची तिला आलेली पत्रं स्टुडिओत अडवून ठेवली जात होती, असं तिने आत्मचरित्रात लिहिलं आहे. किंग पडद्यावर काय दिसतं याबद्दल बोलत होते, निकल्स पडद्यामागे काय चालतं याबद्दल. दोघंही खरं बोलत होते. किंग यांची साक्ष काढून निकल्सचं तोंड बंद करता येत नाही. त्यांनी तिला थांब म्हटलं ते तिला निघून जावंसं वाटत होतं म्हणून.

पगाराची गोष्ट तर काळाच्या युक्तिवादाचा निकालच लावते. मालिकेतला नट वॉल्टर कोनिग याने सांगितलेली हकिकत अशी की त्याला आणि सहकलाकार जॉर्ज टाकेला सारखा पगार मिळत होता, निकल्सला कमी. हे त्याच्या कानावर आलं, त्याने ते लिओनार्ड निमॉयला सांगितलं, निमॉय वरिष्ठांकडे गेला आणि तो फरक दूर झाला. म्हणजे त्या काळातल्या पुरुषांनाही यात अन्याय आहे हे दिसत होतं आणि मनावर घेतलं तर दुरुस्तही करता येत होतं. १९७३च्या ॲनिमेशन मालिकेतून पैसे वाचवण्यासाठी निकल्स आणि टाकेला वगळायचं ठरलं होतं, तेव्हाही हे दोघं नसतील तर मीही नाही, असं निमॉयनेच बजावलं. त्याच ॲनिमेशन मालिकेत मार्गारेट आर्मेन यांनी लिहिलेल्या एका भागात उहुराने पहिल्यांदा यानाचा ताबा घेतला. जिवंत नटांच्या ७९ भागांत जे तिला एकदाही मिळालं नव्हतं ते तिच्या चित्राला मिळालं.

त्या ७९ भागांत उहुराला काय मिळालं याचा एक नमुना पुरे. ‘द चेंजलिंग’ या भागात एक यंत्र तिची सगळी स्मृती पुसून टाकतं आणि हा घटक सदोष आहे, याचे विचार गोंधळलेले आहेत, असा निर्वाळा देतं. स्पॉक त्याला समजावतो की हा घटक स्त्री आहे. यंत्र म्हणतं, परस्परविरोधी ओढींचा ढीग. प्रेक्षकांनी इथे हसायचं. मग उहुरा लहान मुलांच्या पुस्तकातून पुन्हा वाचायला शिकते आणि पुढच्या आठवड्यात जणू काही घडलंच नाही अशी खुर्चीवर बसते.

या खुर्चीतून उठून निकल्सने जे केलं ते पाहा. १९७७मध्ये तिने नासासाठी देशभर फिरून स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायचं आवाहन केलं. १९७८मध्ये निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. ‘स्टार ट्रेक’ने अंतराळ सर्वांसाठी खुलं केलं, हे वाक्य गौरवलेखांत हमखास असतं. खुलं केलं ते तिने.

आणि ती एकटी नव्हती. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद होणार अशी हवा होती, तेव्हा पत्रांची मोहीम उभी करून तिला तिसरा हंगाम मिळवून दिला बिजो ट्रिंबल हिने, नवऱ्याच्या साथीने. ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेलं पहिलं चाहता-नियतकालिक १९६७मध्ये दोन तरुणींनी काढलं. स्पॉकच्या व्हल्कन जमातीच्या संस्कृतीचा बराच भाग, त्याचे आईवडील, त्याच्या घरातला तो बापलेकाचा अबोला, हे सगळं डोरोथी फाँटानाच्या लेखणीतून आलं. ती डी. सी. फाँटाना अशी आद्याक्षरं लावत असे, कारण बाईचं नाव पाहून हाणामारीच्या मालिकांची संहिता कोणी वाचायला घेत नसे. माझा मूळ आक्षेप इथे आहे. या मालिकेची जी पुरोगामी म्हणून पुण्याई आहे, तिचा मोठा वाटा बायकांच्या कष्टाचा आहे. आज त्यांतल्याच एखादीने मला तिथे काय भोगावं लागलं हे सांगितलं की तीच पुण्याई ढालीसारखी पुढे केली जाते. यालाच मी वर कृतघ्नपणा म्हटलं.

त्या काळाला दुसरं काही सुचूच शकत नव्हतं असं ज्यांना वाटतं त्यांनी अटलांटिकच्या पलीकडे पाहावं. बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ला. निर्माती होती २७ वर्षांची व्हेरिटी लँबर्ट. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्माने लखनौचा. एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी, दोघांकडेही स्टुडिओतल्या जुन्याजाणत्यांनी तिरक्या नजरेनेच पाहिलं, पण काम त्यांनीच केलं. त्यांच्या मालिकेतली बार्बरा राइट ही इतिहासाची शिक्षिका १९६४च्या ‘दि ॲझ्टेक्स’मध्ये नायकाशी, म्हणजे डॉक्टरशी, तोंडावर भांडते आणि अख्खी कथा तिच्या निर्णयावर चालते. पण पुढे? १९७०मध्ये केंब्रिजची शास्त्रज्ञ लिझ शॉ डॉक्टरची साथीदार झाली. एका हंगामात ती गेली, कारण एवढी हुशार बाई डॉक्टरला प्रश्न विचारत नाही आणि मग त्याने स्पष्टीकरण द्यायचं कुणाला? तिला निरोपाचा प्रसंगही मिळाला नाही. पुढच्या हंगामात मालिकेतला लष्करी ब्रिगेडियर डॉक्टरला एवढंच ऐकवतो की तुम्हाला परीक्षानळ्या हातात देणारी आणि तुम्ही किती थोर आहात हे सांगणारी कोणीतरी हवी आहे, असं मिस शॉच म्हणायची. विनोद म्हणून लिहिलेल्या त्या ओळीत निर्मात्यांनी आपला जबाबच नोंदवला. १९६४ची बाई १९७०च्या बाईपेक्षा पुढे होती. काळ सरळ पुढे जातो असं मानणाऱ्यांनी याचा मेळ कसा घालायचा ते पाहावं. ज्या डेलिया डर्बिशरने त्या मालिकेचं जगप्रसिद्ध शीर्षकसंगीत टेपचे तुकडे जोडून जोडून घडवलं, तिचं नाव पडद्यावर यायला २०१३ उजाडलं. ती २००१मध्येच वारली होती.

आपल्या मुंबईची एक मुलगीही या गोष्टीत आहे. पर्सिस खंबाटा, १९६५ची मिस इंडिया. १९७७मध्ये पॅरामाउंटने ‘स्टार ट्रेक’ची नवी दूरचित्रवाणी मालिका आखली, तेव्हा यानाची दिशा सांभाळणाऱ्या इलियाच्या भूमिकेसाठी तिची निवड झाली. मालिका झाली असती तर अमेरिकन घराघरांत दर आठवड्याला एक भारतीय नटी यान चालवताना दिसली असती. मालिका रद्द होऊन १९७९चा चित्रपट झाला. तिने भूमिकेसाठी डोकं पूर्ण भादरलं आणि त्याचीच जाहिरात झाली. चित्रपटात इलिया यानावर पाऊल टाकते आणि बोलायला लागून चार वाक्यं होतात न होतात तोच आपल्या ब्रह्मचर्याच्या शपथेची नोंद असल्याचं कप्तानाला सांगते. कोणत्या पुरुष अधिकाऱ्याला रुजू होताना असलं निवेदन करावं लागलं आहे? थोड्याच वेळात खरी इलिया नष्ट होते आणि तिच्या रूपाचं एक यंत्र अवतरतं, तेही न्हाणीघरात, विवस्त्र. मग उरलेला चित्रपट आखूड पांढऱ्या झग्यात, उंच टाचांवर. तरीही त्या यंत्राच्या डोळ्यांत मधूनच खरी इलिया चमकून जाते, ते खंबाटाचं स्वतःचं काम होतं. संहितेने तिला त्यासाठी फारसं काही दिलेलं नव्हतं. १९८०च्या ऑस्कर सोहळ्यात ती पुरस्कार द्यायला मंचावर उभी होती. १९९८मध्ये मुंबईत ती वारली, पन्नाशीही गाठली नव्हती. आपल्याकडे तिची आठवण निघते ती टकलावरून.

इथवर ऐकून घेतल्यावर चौथं उत्तर येतं : बरं, मान्य, पण नंतर सगळं सुधारलं ना? पाहू. १९८७मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली. सुरक्षा अधिकारी टाशा यारची भूमिका करणारी डेनिस क्रॉस्बी पहिल्याच हंगामात बाहेर पडली, कारण पात्राला नुसतं मागे उभं राहण्यापलीकडे काम नव्हतं. टाशाला डांबरासारख्या एका राक्षसाने एका फटक्यात मारून टाकलं. डॉक्टरची भूमिका करणाऱ्या गेट्स मॅकफॅडनला त्याच हंगामानंतर काढलं. बायकांबद्दलच्या संहितांवरून आपले मुख्य लेखकाशी खटके उडत होते, असं तिने पुढे सांगितलं. ती परतली एका हंगामानंतर. उरली यानावरच्या समुपदेशकाची भूमिका करणारी मरीना सर्टिस. सगळे गणवेशात आणि ती मात्र खोल गळ्याच्या घट्ट पोशाखात, असं सहाव्या हंगामापर्यंत चाललं. मग १९९२च्या एका भागात नवा कडक कप्तान तिला हुकूम देतो की यानावर गणवेश घाला. गणवेश अंगावर चढला आणि पात्राला अक्कल परत मिळाली, असं सर्टिसच हसत सांगत आली आहे. १९९४मध्ये तेच पात्र कमांडरची परीक्षा पास होतं. गळा वर जायची खोटी होती.

‘व्हॉयेजर’मध्ये १९९५ला अखेर बाई कप्तान झाली. केट मलग्रूच्या केसांची रचना कशी असावी यावरून निर्माते आणि स्टुडिओ यांचा एवढा घोळ चालला की काही प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले. १९९७मध्ये जेरी रायनला आणलं ते अंगाला चिकटलेल्या चंदेरी पोशाखात, आतून आवळणारी काचोळी. तो एकटीला घालता-काढता येत नसे. तो घालून ती सेटवर बेशुद्ध पडली होती आणि प्राणवायूचा सिलिंडर आणावा लागला होता, हे तिने स्वतः सांगितलं आहे. सेव्हन ऑफ नाइन हे तिने उभं केलेलं पात्र त्या मालिकेतल्या सर्वोत्तम पात्रांपैकी आहे. मग तो पोशाख हवाच होता ना, असं म्हणणाऱ्यांनी ‘पिकार्ड’ मालिका पाहावी. २०२३मध्ये तेच पात्र साध्या गणवेशात ‘एंटरप्राइझ’ यानाचं कप्तान झालं. पात्राचं काहीही कमी झालं नाही.

‘द एक्स-फाइल्स’चं उदाहरण तर दुसऱ्या मालिकेचं, दुसऱ्या वाहिनीचं. डेना स्कली ही डॉक्टर, एफबीआयची अधिकारी, शंकेखोर, आणि तिच्याकडे पाहून विज्ञानाकडे वळलो असं सांगणाऱ्या स्त्रिया जगभर आहेत. वाहिनीला त्या भूमिकेसाठी अधिक भरल्या अंगाची कोणीतरी हवी होती. मालिकेचे निर्माते ख्रिस कार्टर जिलियन अँडरसनवर अडून बसले म्हणून ती राहिली. सुरुवातीला तिला सहनायक डेव्हिड डुकोव्हनीपेक्षा कितीतरी कमी मानधन होतं, आणि कॅमेऱ्यासमोर त्याच्या बरोबरीने नव्हे तर दोन पावलं मागे उभं राहायचं असा दंडक होता. तीन वर्षं भांडून तिने मानधन बरोबरीचं करून घेतलं. मग मालिकेचं २०१६मधलं पुनरागमन ठरलं, तेव्हा तिच्यापुढे पुन्हा डुकोव्हनीच्या निम्म्या रकमेचा देकार ठेवण्यात आला. तिने तो फेटाळला आणि जाहीरपणे सांगितलं.

१९६६ला काळ तसा होता, १९८७लाही तसाच होता, १९९७लाही आणि २०१६लाही. पन्नास वर्षं एकच सबब चालली आहे.

शेवटी एक कुजकी शंका उरते. एवढं सगळं सोसलं तर या नट्या चाहत्यांच्या संमेलनांना हसत हसत का जातात, सह्या का देतात, पैसे का घेतात? व्हिटनी तर पुन्हा ‘स्टार ट्रेक’च्या चित्रपटांत आली, १९९६मध्ये ‘व्हॉयेजर’मध्येही रँड म्हणूनच दिसली. याचं उत्तर साधं आहे. ते काम तिचं होतं. तिच्या मेहनतीवर उभ्या राहिलेल्या मालिकेतून एका माणसाने तिला हाकललं म्हणून तिने ती मालिकाही त्याला देऊन टाकायची, ही अपेक्षा कुठल्या न्यायाची? आणि संमेलनं म्हणाल, तर न्यूयॉर्कमध्ये १९७२च्या जानेवारीत भरलेलं ‘स्टार ट्रेक’चं पहिलं मोठं संमेलन भरवणाऱ्यांतही बायकाच पुढे होत्या. शे-पाचशे माणसं येतील असा त्यांचा अंदाज होता, आली काही हजार. त्या मंचावर व्हिटनी काय सांगते हे ऐकायचं नसेल तर तिकीट काढून येऊ नये.